भरती आली तर उठेन

“ए बाई, ऊठ. चल, ऊठ तिथून. इथे घाण करायची नाही.”

मी मागे वळून पाहिलं. वाटलं, माझ्यामागे कुणीतरी असेल. मागे तिवरं होती, चिखल होता आणि चिखलात एक बगळा उभा होता. बगळ्याला कुणी बाई म्हणणार नाही. म्हणजे बाई मीच.

रविवारची सकाळ. नवी मुंबईतल्या करावे गावाच्या मागे खाडीला लागून मातीचा बांध आहे. त्या बांधावर एका सपाट दगडावर मी बसले होते. शेजारी पाण्याची बाटली. जुनी कोल्ड्रिंकची, लेबल निघालेली. समोरून सीवूड्सच्या टॉवरांमधला फिरायला येणारा ग्रुप येत होता. पुढे पांढऱ्या टोपीतले एक काका, गळ्यात शिट्टी. हाक त्यांचीच होती. मागे सात-आठ जण. एकीने नाकाला रुमाल लावला होता. घाण कुठेच नव्हती, पण रुमाल आधीच लागला होता.

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिवरांच्या आडोशाला एकटी काळीसावळी बाई, अंगावर घरातला ड्रेस, शेजारी पाणी. ही इथे कशाला बसली असेल, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

काकांच्या हातात पण बाटली होती. स्टीलची. तिच्यात लिंबाच्या फोडी होत्या, बाजूच्या काचेच्या पट्टीतून दिसत होत्या. त्या बाटलीवरून त्यांच्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं.

मी उठले. ताडकन उठले. डोक्याला कळायच्या आधी गुडघे सरळ झाले होते.

“मी नुसती बसले होते,” मी म्हणाले.

“नुसतं कोण बसतं?” काका म्हणाले.

मग मी काय केलं? मी बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी प्यायले. तहान नव्हती. त्यांना दाखवायला प्यायले. बघा, हे पाणी प्यायचं आहे, धुवायचं नाही. घटाघटा प्यायले, हनुवटीवरून सांडलं, तरी प्यायले. एवढ्यावर भागलं नाही. पर्समधून ऑफिसचं ओळखपत्र काढलं. म्हणाले, “मी न्हावा शेवा बंदरात असते. कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात.”

काकांचा आवाज लगेच बदलला. “अच्छा, अच्छा. मॅडम, तसं नाही हो. आजूबाजूच्या वस्तीतनं बायका येतात ना. आता कसं ओळखायचं, सांगा.”

रुमालवाली म्हणाली, “नेचर आहे ना हे. आपणच जपायला हवं.”

आणि मी म्हणाले, “सॉरी.”

मी. त्यांना. सॉरी. आजही हा शब्द आठवला की जीभ चावावीशी वाटते.

मी बांधावरून चालू लागले. वळणावरून मागे पाहिलं, तर मी उठले त्याच जागेवर त्यांनी रंगीत मॅट टाकल्या होत्या. मांड्या घालून बसले होते सगळे. नुसते. रुमालवाली रुमाल काढून सांगत होती, “डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या. या क्षणात या.”

मी त्या क्षणातच होते. मला तिथून उठवलं होतं.

आता मी तिथे का बसत होते, ते सांगते.

मी मूळची मराठवाड्यातली. वडील गेल्यावर मायला घेऊन इकडे आले. करावे गावात भाड्याची खोली आहे. ऑफिसात कुणी विचारलं तर मी सीवूड्स सांगायचे. स्टेशन तेच, म्हणजे खोटं नाही, असं मनाला समजवायचे. पूर्ण नाव विचारलं तर नाव आणि एक इंग्रजी अक्षर सांगायची सवय लागली होती. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद काहीतरी होतं. तो अर्धा सेकंद मला नको होता. माझा आवाज खणखणीत. ऑफिसातले म्हणायचे, “हिला फोन कशाला, इथूनच यार्डात ऐकू जाईल.” सगळे हसायचे, मीही हसायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी हळू बोलायचे. घरी माय, ऑफिसात मम्मी. चेहऱ्याला गोरं करायचं क्रीम. दिवसभर मी स्वतःकडे बाहेरून बघत असायचे. ही कशी बसली आहे, ही कशी खाते, हिचं काही दिसत तर नाही ना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी वाढलंय, रोज चाला. म्हणून चालायला लागले. चालायचे पण ऑफिसातल्यासारखीच, मान खाली, झपाझप. एक दिवस बांधावर चप्पल तुटली. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. म्हणून त्या दगडावर बसले. मला कुणी निसर्गाने बोलावलं-बिलावलं नव्हतं. चप्पल तुटली, एवढंच.

ओहोटी होती. समोर नुसता ओला चिखल. पहिल्यांदा तो मेलेला वाटला. मग एका बिळातून एक खेकडा बाहेर आला. नखाएवढा. त्याची एक नांगी अंगापेक्षा मोठी, लालभडक. मग दुसरा आला. मग सगळीकडून यायला लागले. नांग्या वर करायचे, खाली करायचे. निवट्या, चिखलातले ते बोटाएवढे मासे, उड्या मारत होत्या, डोळे डोक्यावर. मी पाय हलवला. सगळा चिखल एका झटक्यात रिकामा. मग मी हलायचं बंद केलं. ते पुन्हा आले.

मला हे फार आवडलं. मी उठले की ते जाणार, मी बसले की ते येणार. बाकी माझ्याकडून त्यांना काही नको होतं. मग मी रोज जाऊ लागले. हलायचं नाही म्हणून श्वास सावकाश व्हायचा. डोक्यातलं ऑफिस हळूहळू बंद पडायचं. कधीतरी लक्षात आलं की मी स्वतःकडे बाहेरून बघत नाहीये. बघायला बाहेर कुणी उरलंच नव्हतं. मी होते तिथेच होते.

एकदा चिखलात पाय सोडून बसले होते. पाय आणि चिखल एकाच रंगाचे दिसले. जन्मभर मी त्या रंगाला क्रीम फासत आले होते. त्या दिवशी तो मला बरोबर वाटला. सुंदर वगैरे नाही म्हणत मी. बरोबर. जसा असायला पाहिजे तसा. त्या रात्री क्रीमची ट्यूब कचऱ्यात टाकली.

एवढं सगळं त्या दगडावर मिळालं होतं. आणि एका माणसाने “ऊठ” म्हटल्यावर मी ते टाकून उठले.

त्यानंतर गेले नाही. सकाळी जाग यायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. मायच्या लक्षात आलं. एका दुपारी ती मेथी निवडत होती. विचारलं, “का गं बाई, फिराया जाईना झालीस?”

सांगितलं सगळं. शिट्टी, बाटली, पाणी, सॉरी. मला वाटलं, माय चिडेल. माय तशी गरीब नाही, भांडणात कुणाला ऐकायची नाही. पण ती मेथीची काडी मोडत म्हणाली, “मंग उठलीस नव्हं लगी? बरं केलंस. उठलेलं बरं असतंय.”

“बरं कसं?” मी विचारलं.

मग ती सांगू लागली. गावात आमच्या वस्तीला संडास नव्हता. बायका पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेला जायच्या. गाडीचा उजेड आला की सगळ्या उभ्या राहायच्या. उजेड गेला की पुन्हा बसायच्या. पोट दुखत असो, पोटुशी असो, उजेड आला की उठायचं. हे मलाही माहीत होतं, लहानपणी मीही मायचा पदर धरून उठले होते. पण पुढचं माहीत नव्हतं. मी शहरात शिकायला गेले तेव्हा गाव हागणदारीमुक्त करायचं म्हणून चार प्रतिष्ठित माणसांनी शिट्ट्या घेतल्या आणि ते पहाटे बायकांना पकडायला लागले. त्यांच्या घरात संडास होते आणि नळही होते. एका पहाटे त्यांनी मायला गाठलं. शिट्टी वाजवली. माय उठली. तर त्यांनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. टाळ्या वाजवल्या. फोटो काढला.

“हातात तांब्या व्हता माज्या,” माय म्हणाली. “तांब्या खाली ठिवू का हार काढू, कळंना.”

आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोलासुद्धा माय झेंडूचा हार घालत नाही. गुलाबाची फुलं वाहते. मी समजत होते, तिला झेंडूचा वास आवडत नाही.

त्या दिवसापासून मी मायकडे बघायला लागले. जिन्यात कुणाचे बूट वाजले की ती पाटावरून उठते. बागेच्या बाकावर बसली असली आणि कुणी बरे कपडे घातलेला माणूस आला की उठते. बाइकचा लाइट भिंतीवर फिरला की उठते. आपल्या स्वतःच्या खोलीत, दार लावलेलं असताना. मी इतकी वर्षं त्याला रीतभात समजले. ती रीतभात नव्हती. आणि त्या दिवशी बांधावर माझे गुडघे माझ्याआधी उठले, ते कुठून शिकले होते तेही मला समजलं.

मला राग आला. काकांवर आला, त्या चार माणसांवर आला. नुसतं बसणंसुद्धा आम्हाला कुणीतरी मंजूर करायचं काय?

दोन दिवसांनी गल्लीत कमळीमावशी भेटली. ती करावे गावातलीच. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या धरते, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टोपली. मला बांधावर बसलेली रोज बघायची. म्हणाली, “कवाची दिसली नाय तू? दुखना आला काय?”

तिलाही सांगितलं. ती टोपली सावरत ऐकत होती.

“आन तू उठलीस?”

“उठले.”

“त्याचे बापाची हाय काय खाडी? माजे बापाची पन नाय. आमी इतकी वर्षा जातो, पन एकच हाय उठवनारी. भरती. तिनं सांगितला तं उठायचा, नाय तं बुडशील. दुसरा कोनी सांगितला तं बसून र्‍हायाचा.” आणि एवढं बोलून ती बाजाराकडे निघूनही गेली, तिच्या निवट्यांना उशीर होत होता.

मी घरी आले आणि मायला म्हणाले, “रविवारी तू माझ्याबरोबर यायचं. खाडीवर.”

“तिकडं काय हाय?”

“काही नाही. बसायचं.”

माय हसली. मग गंभीर झाली. “आता कशाला जायचं गं मोकळ्यावर? आता घरात हाय की समदं. कडी हाय, नळ हाय. देवानं नाय, बाबासायबानं दिलं. आता मी नाय जायची बाहीर.”

तिच्या बाजूने ते खरं होतं. निसर्ग म्हणून तिला कुणी कधी काही दाखवलंच नव्हतं. तिच्यासाठी मोकळं रान म्हणजे अंधार, घाई आणि उजेडाची भीती. दाराला आतून कडी असणं, हेच तिचं सुख. आणि मी तिला परत उघड्यावर चल म्हणत होते. मी खूप विनवलं. शेवटी ती माझ्यासाठी आली, खाडीसाठी नाही.

रविवारी आम्ही गेलो. बाटली घेतली. तीच, कोल्ड्रिंकची. मुद्दाम.

दगडावर पोचलो. माय उकिडवी बसली. टाचांवर सगळा भार, पदर हातात, एक डोळा वाटेवर. निम्मी बसलेली, निम्मी उठलेली.

“माय, मांडी घाल.”

“ऱ्हाऊ दे. हितं बरंय.”

“मांडी घाल. पाय मोकळे सोड. इथे कुणाची घाई नाही.”

तिने घातली. ओढूनताणून घातली. समोर ओहोटी. खेकडे बाहेर यायला वेळ लागला, कारण माय सारखी हलत होती. मग आले. पहिली लाल नांगी वर झाली तेव्हा माय म्हणाली, “आगं बया.” दुसरं काही नाही. पण ती हलायची थांबली. विमानतळाकडे एक विमान खाली उतरत गेलं, त्याच्या आवाजाने खेकडे आत गेले, पुन्हा आले. मायने पदर सोडला. तो वाऱ्यावर उडत होता आणि तिला पत्ता नव्हता. माझ्या आयुष्यात मी मायला उजेडात, उघड्यावर, अशी निवांत बसलेली पहिल्यांदा पाहत होते.

आणि शिट्टी वाजली.

माय उठली. म्हणजे अर्धी उठली. मांडी होती म्हणून पूर्ण उठता आलं नाही. एक हात जमिनीवर, एक हात गळ्याशी गेलेला. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. जोरात ठेवला.

“बस, माय.”

“आगं, ती मानसं...”

“येऊ दे. तू बस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा गुडघा माझ्या हाताला वर ढकलत होता. मग तिने बूड टेकलं.

ग्रुप आला. पांढरी टोपी, रुमाल, मॅटची भेंडोळी. काकांनी मला ओळखलं. “अरे मॅडम, तुम्ही. परत?” मग मायकडे पाहिलं. नऊवारी, पायात स्लिपर. मग बाटलीकडे. बाटली आमच्या दोघींच्या मधे होती. उन्हं वर आली होती, माझा घसा कोरडा पडला होता. मी बाटलीला हात लावला नाही. ज्याला जे समजायचं ते समजू दे.

“मॅडम, इथे आमचं सेशन असतं रविवारी. जरा पलीकडे बसता का?”

“नाही.”

“मी विनंती करतोय.”

“ऐकली. नाही.”

काकांना सवय नसावी. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “नाव काय तुमचं? राहता कुठे?”

मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. “राहते करावे गावात. सीवूड्सला नाही, करावे गावात.” माझ्या खऱ्या आवाजात सांगितलं, यार्डात ऐकू जाईल अशा. बगळा उडाला. त्यांच्या चेहऱ्यावर तो अर्धा सेकंद झाला. मी तो पूर्ण बघितला, नजर हलवली नाही. जगबुडी झाली नाही.

तेवढ्यात माय बोलली. मान वर करून, मांडी न मोडता.

“तुमी कशाला आलात हितं?”

काका गोंधळले. “आम्ही? आम्ही... निसर्गात जरा शांत बसायला.”

“मंग बसा की,” माय म्हणाली. “आमी बी बसलोत.”

रुमालवालीने मॅट काखेत धरली आणि ती पुढे चालायला लागली. बाकीचे तिच्यामागे गेले. काका थोडे रेंगाळले. शिट्टी त्यांच्या बोटात होती, ओठापर्यंत गेली नाही. मग तेही गेले. बांध लांबच लांब आहे. बसायला त्यांना पुढे भरपूर जागा मिळाली.

चिखल रिकामा झाला होता. आम्ही हललो नाही. खेकडे आले.

मग मी बाटली उघडली. मायला दिली, मी प्यायले. कुणाला दाखवायला नाही. तहान लागली होती.

कुणी म्हणेल, एका दगडावरून एवढा तमाशा कशाला, दहा पावलं पलीकडे बसली असतीस. नाही बसणार. माझी आजी उठली, माझी माय उठली, मी उठले. उजेड आला म्हणून, शिट्टी वाजली म्हणून, कुणी ए म्हटलं म्हणून. ते माझ्यापर्यंत आलं आणि माझ्यापाशी संपलं. ते काका पुढच्या रविवारी येतील, वॉचमन आणतील, मोबाइल काढून व्हिडिओ करतील. करू देत. व्हिडिओत दोन बायका बसलेल्या दिसतील.

आता मी रोज जाते. बाटली घेऊन जाते. माझं आडनाव, माझा आवाज, माझा रंग, सगळं घेऊन जाते आणि नुसती बसते. पाणी चढत माझ्या पायापर्यंत आलं तर उठेन. माणसाने सांगितलं म्हणून उठणार नाही.